चारशे बारावं पाणी

देरिओच्या टेकडीखाली, तळघरात
एक चुंबक आहे. रात्रंदिवस जागा.
त्याच्या पोटात हेलियम, इतका थंड
की थंड हा शब्दही पोचेपर्यंत गोठावा.
जमिनीवर पिवळी रेघ:
किल्ल्या, घड्याळं, बँकेची कार्डं अलीकडे ठेवायची.

कोल्दोही आता अलीकडेच थांबतो.
एकोणीस वर्षं यात हेलियम भरला त्यानं.
मार्चमध्ये छातीत पेसमेकर बसला,
तेव्हापासून रेघेला बुटांची टोकं जुळवून
तिथूनच गाराझीला सांगतो:
"हळू. नळी वाकडी धरलीस."

गाराझी वरून काचेची नळी सोडते,
बोरूएवढी. आत जड पाणी,
त्यात चिमूटभर प्रथिन, आणि त्याच्या शंभरपट साखर.
डब्यातली नव्हे;
पेशींच्या अंगावर लव असते ना,
त्या लवेचा एक केस.

फक्त प्रथिनाला दोन सेकंद छेडायचं,
साखरेला हात लावायचा नाही.
मग बघायचं, ते कुणाच्या अंगाला लागलं.
जी साखर जाऊन टेकली, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती,
आणि निघून आली,
तिच्या शिखरांची उंची किंचित ढळते.
एका आलेखातून दुसरा वजा करायचा.
कुणाला भेटलेच नाहीत ते हायड्रोजन
सपाट रेघेत झोपतात.
उरतात भेटून आलेले.

मला हे आवडतं, की जी चिकटून बसते
ती काहीच सांगत नाही.
सांगते ती सुटून आलेली.

माझं काम वरच्या मजल्यावर.
तीच भेट मी संगणकात घडवून आणतो:
अणू मांडतो, भोवती पाण्याचा हौद, वेळ सुरू करतो,
आणि तीन दिवस पंखे घोंघावतात.
गाराझीचा आलेख म्हणत होता: चौथा हायड्रोजन, पाचवा, सहावा,
साखरेची ही कड टेकते, ट्रिप्टोफॅनच्या सपाट पाठीवर.
माझी साखर चाळीस नॅनोसेकंदांत उठून चालू लागायची.
सात वेळा. सातही वेळा
पाहुण्यानं चपला न काढता दारातूनच वळावं तशी.

भांडण झालं असतं तर बरं. आम्ही सभ्यपणे बोललो.
ती म्हणाली, "तुझी गणितातली बलं चुकली असतील, बेन्यात."
मी म्हणालो, "तुझं प्रथिन नासलं असेल."

कोल्दो कॅन्टीनमध्ये संत्रं सोलत होता.
त्याला यातलं किती कळतं, कुणी कधी विचारलं नव्हतं.
म्हणाला, "मांडायच्या आधी टाकून काय देतोस?"
काही नाही, म्हटलं. पाणी.
स्फटिकाच्या फाइलीत अडकून आलेलं जुनं पाणी,
सगळेच पुसतात. त्यासाठी एक ओळ आहे,
माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेली.
त्यानं एक फोड तोंडात टाकली,
बी काढून बशीच्या कडेला ठेवली.

म्हणजे मी हौदभर पाणी ओतत होतो
आणि नेमक्या पाण्यावर पाणी सोडत होतो.
हौदातल्याला त्या खाचेत शिरायला वाटच नव्हती.

जुनी फाइल काढली. ओळी, खाली, अजून खाली.
क्रमांक चारशे बारा, खाचेच्या तळाशी,
एका हातात प्रथिनाचा हात, दुसरा मोकळा.
तेवढं एक परत ठेवलं.
शनिवार. रविवार. सोमवारची दुपार.
साखर हलली, तिरकी झाली, कूस बदलली
आणि बसली.
जाईलच ती; खाली नळीत क्षणोक्षणी जाते.
पण बसणं म्हणजे काय
ते बघून होईपर्यंत थांबली.

एकदा झालं म्हणजे काहीच नाही,
अजून सहा वेळा चालवायचंय.
तरी जिने उतरलो.
गाराझी आत, शिडीवर, नवी नळी घेऊन.
माझ्या खिशात किल्ल्या होत्या;
कोल्दोशेजारी, रेघेच्या अलीकडे उभा राहिलो.

"किती पाणी होतं?" त्यानं विचारलं.
"एक."
त्यानं मान हलवली असेल, मला दिसलं नाही.
तो तिच्या हातांकडे बघत होता.
"आता सरळ धरलीस," म्हणाला.